सरकारदरबारी माझी बायको लग्नाच्या दिवशी जन्मली: संरक्षणमंत्र्यांस एका माजी हवालदाराचे खुले पत्र

माननीय संरक्षणमंत्री महोदय,

जय हिंद.

मी सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्याचा. १९८४ साली सैन्यात भरती झालो, बावीस वर्षं नोकरी करून २००६ साली हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. आपला वेळ मोलाचा, म्हणून चार ओळींत आटपायचं ठरवून बसलो होतो. पण गेल्या आठवड्यात पोस्टमननं जे पाकीट हातात दिलं, ते वाचल्यावर चार ओळींत भागेल असं वाटत नाही.

पाकिटात एकच कागद होता. आम्हा जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसचं म्हणणं असं, की मी मागितलेली दुरुस्ती मूळ नोंदीशी जुळत नाही, सबब अर्ज परत. साहेब, मूळ नोंदीशी जुळत असती तर मी दुरुस्ती मागितली असती कशाला?

प्रकरण असं आहे. माझं लग्न १९८६ च्या मे महिन्यात झालं. सुटी संपवून पलटणीत हजर झालो आणि रीतीप्रमाणे क्लार्ककडे लग्नाची नोंद केली. त्याची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या घरच्या बदलांची अधिकृत नोंद, निघाली. लिहिणाऱ्यानं लग्नाची तारीख लग्नाच्या रकान्यात लिहिली आणि तीच पुन्हा बायकोच्या जन्मतारखेच्या रकान्यातही लिहिली. नाव घातलं माहेरचं. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात, तांदळात अंगठीनं नवं नाव लिहितात, हे त्याला कुठून ठाऊक असणार? तो बिचारा दुसऱ्या मुलखातला. त्याच्यावर माझा राग नाही. पण त्या कागदानुसार माझी बायको मे १९८६ मध्ये जन्मली, त्याच दिवशी बोहल्यावर चढली आणि मार्च १९८८ मध्ये, म्हणजे दोन वर्षांचीही व्हायच्या आत, आमच्या थोरल्या मुलीची आई झाली. मुलीची नोंदही त्याच कागदांत आहे. इतक्या वर्षांत एकाही साहेबाला हे खटकलं नाही. ऑडिट झालं, कागद बदलले, सगळं संगणकावर चढलं, आणि ही नोंद जशीच्या तशी पुढे सरकत राहिली. पेन्शनचा कारभार ऑनलाइन झाला तेव्हा नातवानं मोबाइलवर उघडून दाखवलं, "आजोबा, आजी आईपेक्षा दोनच वर्षांनी मोठी आहे." घरात सगळे हसले. तिला हसू आलं नाही.

हसण्यासारखं नाहीच ते. मी गेलो तर तिला फॅमिली पेन्शन मिळायची आहे. आधार कार्डावर नाव सासरचं, पेन्शनच्या कागदावर माहेरचं. तेव्हा ही तीच बाई म्हणून सांगायला मी कुठे असणार? आमच्याच गावात एका सुभेदारांच्या पत्नी नावातल्या असल्याच फरकापायी पेन्शनवाचून बसल्या आहेत. सुभेदार गेले ते गेले, पण त्यांची बायको त्यांची बायको होती हे सिद्ध करायचं काम त्या माउलीवर पडलंय. मुलाच्या दुकानावर जेवतात.

आणि जन्मतारखेचं काय? आपल्याच नियमाप्रमाणे ऐंशी वर्षं पूर्ण झाली की पेन्शन वीस टक्क्यांनी वाढते आणि शंभरीला दुप्पट होते. फॅमिली पेन्शनलाही तेच लागू. माझी बायको खरी १९६६ ची. कागदावर १९८६ ची. म्हणजे सरकारी हिशेबानं तिची ऐंशी २०६६ साली भरणार. तेव्हा ती खरोखर शंभर वर्षांची असेल. जेव्हा दुप्पट द्यायची तेव्हा सरकार वीस टक्के वाढ देणार, तीही ती तोपर्यंत टिकली तर.

दुरुस्तीसाठी मागितलं ते सगळं दिलं. प्रतिज्ञापत्र केलं, वर्तमानपत्रात जाहिराती दिल्या, नावाच्या बदलाचं गॅझेट काढलं, तहसीलदारांच्या सहीचा किंड्रेड रोल, म्हणजे घरच्या नातलगांची यादी, जोडला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या माणसांनी मनापासून मदत केली, ते खोटं बोलणार नाही. तिच्या शाळेचा दाखलाही जोडला. त्यावर तारीख आहे १ जून. साहेब, आमच्या जिल्ह्यात माझ्या वयाचे निम्मे लोक १ जूनला जन्मलेत. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मास्तर पोराला उभं करून अंदाजानं वर्ष ठरवायचे आणि तारीख टाकून मोकळे व्हायचे. रेकॉर्ड ऑफिसला ही तारीख संशयास्पद वाटली. लग्नादिवशी जन्मलेली बाई मात्र संशयास्पद वाटली नाही!

मग जन्माचा मूळ पुरावा मागितला. तहसिलातून जुन्या कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची, नक्कल काढली. त्यात सासऱ्यांचं नाव, गावाचं नाव, १९६६ ची तारीख, आणि पुढे 'मुलगी' एवढंच. त्या काळी बारशाआधी नोंद व्हायची, नाव कोण लिहिणार? तर शेरा आला की यात अर्जदाराच्या पत्नीचं नाव नमूद नाही. आता आपणच सांगा, नमूद करायला मी सासऱ्यांना कुठून उठवून आणू? ते जाऊन किती वर्षं झाली.

साताऱ्यात माजी सैनिकांचा मेळावा झाला तेव्हा एका बड्या अधिकाऱ्यांनी मंचावरून शब्द दिला होता. जुन्या नोंदींचे अर्ज इथेच द्या, तीन महिन्यांत निकाल लावतो. टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. शाल मिळाली, नारळ मिळाला, ट्रेमध्ये अर्ज टाकला. मोबाइलवर अर्ज मिळाल्याचा मेसेज आला. त्या अर्जाचा निकाल म्हणजे हे पाकीट. तीन महिने तर कधीच उलटून गेले, पण आमच्याकडे म्हणच आहे, सरकारी काम आणि सहा महिने थांब. निकाल तरी लागला, असं म्हणून समाधान मानायचं का?

मला स्वतःसाठी काही नको, असं लिहिणार होतो. पण मग वाटलं, का नको? १९८७ साली आम्हाला श्रीलंकेत उतरवलं. पलालीच्या विमानतळावर उतरलो तेव्हा हातात धड नकाशे नव्हते. शांतिसेना म्हणून गेलो आणि जाफन्याच्या गल्ल्यांत पेरलेल्या सुरुंगांतून चालत राहिलो. त्या मोहिमेत आपले बाराशेच्या आसपास जवान गेले. माझ्या पुढे चालणारा मुलगा सांगली जिल्ह्यातला होता. तो गेला आणि माझा डावा कान गेला. कानाची नोंद? तीही नाही. तेव्हा एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, थेंब घातले आणि परत ड्यूटीवर पाठवलं, कारण माणसं कमी होती. मी मागितली नाही, कारण तेव्हा मागणं म्हणजे कामचुकारपणा. आज त्या कानाच्या बाजूनं कुणी हाक मारली तर ऐकू येत नाही, आणि थेट मोठ्यानं बोलावं लागतं म्हणून सुनांना वाटतं म्हातारा चिडलाय. थोरली मुलगी जन्मली तेव्हा मी तिकडेच होतो. तार मिळाली ती उशिरा. तिचं पहिलं पाऊल, पहिला दात, काही पाहिलं नाही. त्या दिवसांचा हिशेब मी कुणाकडे मागितला नाही. बायकोनं एकटीनं दोन म्हशी, सासू-सासरे आणि ते लेकरू सांभाळलं. आणि आज तीच बाई नोंदीत बसत नाही.

आमच्या जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे, लोक त्याला अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या गावचे ४६ जण कामी आले, त्याचा शिलालेख इंग्रजांनी लावला. परका साहेब होता, त्याचं प्रेम बंदुकीपुरतंच होतं, हे कबूल. पण त्यानं गावाचा आकडा तरी ठेवला. स्वराज्यात आम्हाला एक जन्मतारीख सरळ करून मिळत नाही. आपल्या खुर्चीत १९६२ साली आमच्या कराडचे यशवंतराव बसले होते. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य दर निवडणुकीला आम्हाला ऐकवतात. सह्याद्रीच्या मदतीला आता कोण धावणार, तेवढं एकदा सांगा.

२०२५-२६ च्या बजेटात संरक्षणासाठी ६ लाख ८० हजार कोटींच्या वर तरतूद होती. त्यात पेन्शनचा वाटा १ लाख ६० हजार कोटी. आमची पेन्शन म्हणजे देशावर बोजा, अशी चर्चा टीव्हीवर चालते. चर्चा करणारे कधी बर्फात उभे राहिलेत का? माजी आमदाराला एकदा निवडून आला तरी महिना ५० हजार म्हणतात. त्यांच्या बायकांचं नाव माहेरचं की सासरचं, हे कुणी कोतवाल बुकात जाऊन तपासतं का? आणि नवीन पोरांचं तर सोपंच करून टाकलंत. २०२२ पासून अग्निवीर, चार वर्षं, त्यातले चारातले तीन घरी, पेन्शनच नाही. पेन्शन नाही म्हणजे नोंदीत चूक झाली तरी तक्रार नाही. एवढी नामी युक्ती आमच्या काळात कुणाला सुचली नाही.

एक प्रश्न मात्र मनातून जात नाही. माझ्या रायफलचा नंबर बावीस वर्षांत कधी चुकला नाही. एक काडतूस कमी पडलं तर अख्खी कंपनी रात्रभर गवत चाळायची. काडतुसाची मोजदाद जमते, मग माणसांचीच का जमत नाही?

असो. माझं मागणं एवढंच आहे. कागद टपालातून फिरवणं बंद करा. अधिकार असलेला एक माणूस, रबरी शिक्का घेऊन, जिल्ह्याच्या ठिकाणी दोन दिवस बसवा. नवरा, बायको, आधार कार्ड आणि गावचे चार साक्षीदार समोर उभे राहतील. तिथल्या तिथे दुरुस्तीचा हुकूम निघू दे, आणि नाकारायचंच असेल तर कारण लिहून खाली नाव-हुद्द्यासकट सही करू दे. लष्करी न्यायाधिकरण आहे, मुंबईत त्याचं खंडपीठ आहे, हे मला माहीत आहे. पण जन्मतारखेच्या एका रकान्यासाठी वकील लावून मुंबई गाठायची, तर माझ्या वयाच्या माणसाचं आयुष्य त्यातच संपेल. आणि त्या सुभेदारांच्या पत्नीचं काम माझ्या आधी करा. माझी बायको अजून माझ्या पेन्शनवर खाते, त्या माउलीला तेही नाही.

उत्तर मराठीत दिलंत तर बायकोलाही वाचता येईल, हिंदीत दिलंत तर मी वाचून दाखवीन. फक्त 'आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठवण्यात आला आहे' हे वाक्य नको. तसली पत्रं माझ्याकडे फाइलभर आहेत.

आपला,
एक माजी हवालदार,
तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा