बोटीच्या तळातलं पाणी

सिएटल, रविवार

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

फोनवर दर वेळी मी "सगळं ठीक आहे" म्हणते आणि विषय बदलते. फेब्रुवारीत एका रात्री माझ्या या राहत्या बोटीवर ठीक नव्हतं, ते तुम्हाला सांगितलं नाही. आज सांगते, कारण आई, परवा तू विचारलंस, "पाण्यावर झोप कशी लागते गं तुला?" आणि मी गप्प बसले. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठी आपल्या चिपळूणच्या घरात पायरी पायरीने कशी चढली, ते तू डोळ्यांनी पाहिलंयस. मी इथे बसून तुमचे बंद पडलेले फोन लावत होते. तुला नुसतं "काळजी करू नकोस" म्हणून भागणार नाही.

त्या रात्री तीनच्या सुमारास बिल्जचा भोंगा वाजला. बिल्ज म्हणजे बोटीचा अगदी तळ, जमिनीच्या फळ्यांखालची जागा. कुठूनही आत आलेलं पाणी शेवटी तिथेच जमतं. तिथे एक तरंगता स्विच असतो, गच्चीवरच्या टाकीतल्या बॉलसारखा. पाणी वाढलं की तो उचलला जातो आणि पंप आपोआप सुरू होतो. त्याच्या थोडा वर दुसरा स्विच आहे, तो भोंग्याचा. भोंगा वाजला याचा अर्थ पंपाला आवरत नाहीये.

फळी उचलून टॉर्च मारला. संडासासाठी बाहेरचं पाणी घेणारी रबरी नळी टोकाशी चिरली होती, तिच्यावरची जुबली क्लिप (नळी आवळून धरणारी धातूची पट्टी) गंजून तुटली होती आणि पंपाच्या जाळीत केस न् धागे अडकले होते. पाण्याच्या पातळीखाली फूटभर खोल एक इंचाचं भोक पडलं तर मिनिटाला ७५ लिटरच्या आसपास पाणी आत येतं. माझी चीर त्याहून बरीच लहान होती, तरी हात कापत होते. नळी जिथे बोटीच्या अंगातून आत येते तिथे काशाचा कॉक असतो. त्याचा दांडा पाव फेरा फिरवला आणि पाणी थांबलं. बाबा, तो दांडा एका हाताने फिरला, कारण दर महिन्याला मी सगळे कॉक उघडझाप करून बघते. "न हलवलेला नट ऐन वेळी हलत नाही," हे तुमचंच वाक्य.

चूक माझी होती. बोट घेण्याआधी ती तपासायला सर्व्हेयर आला होता. मडकं वाजवून घ्यावं तसा तो हातोडीने सगळा तळ ठोकून आवाज ऐकत गेला, डेकखालची ओल यंत्राने मोजली. त्याच्या अहवालात 'नळ्या जुन्या, बदला' असं स्वच्छ लिहिलं होतं. मी उन्हाळ्यावर ढकललं. आता सगळ्या नळ्या नव्या आहेत, प्रत्येक टोकाला दोन-दोन स्टीलच्या क्लिपा, आणि प्रत्येक कॉकशेजारी त्याच मापाचं लाकडी बूच दोरीने बांधलेलं. कॉकच तुटला तर ते ठोकायचं. आई, मला झोप लागते ती यामुळे.

बाबा, आता इंजिन. बोट ग्रँड बँक्स, ३६ फुटी, १९७९ साली सिंगापूरला बांधलेली. इंजिन फोर्ड लेहमन, १२० हॉर्सपॉवर, सहा सिलिंडर. तुम्हाला ते परकं वाटणारच नाही, कारण मुळात ते इंग्लंडच्या फोर्डचं ट्रकला आणि कारखान्यांना लागणारं डिझेल इंजिन. लेहमन कंपनीने ते बोटीसाठी बदललं. रेडिएटर नाही, इंजिन थंड ठेवायला बाहेरचं पाणी खेचून हीट एक्स्चेंजरमधून फिरवतात. ताशी सात-आठ लिटर डिझेलमध्ये बोट सात नॉटने, म्हणजे ताशी साधारण तेरा किलोमीटरने चालते. एक गोष्ट मात्र तुम्हाला दाखवायची आहे: याच्या सिम्स फ्युएल पंपाचं ऑइल वेगळं असतं, इंजिनचं ऑइल तिथे पोचत नाही. त्यात हळूहळू डिझेल मिसळतं, म्हणून दर ५० तासांनी ते बदलायचं. ते विसरून कित्येकांचे पंप गेलेत. मी वहीत तास लिहून ठेवते, तुम्ही डेपोत गाड्यांचे लिहायचात तसे.

गॅसची टाकी बाहेर, डेकवरच्या पेटीत आहे. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तळात साचून राहतो. म्हणून खाली सेन्सर आहे आणि स्वयंपाक झाला की मी टाकीशीच बंद करते. आणि आई, संडासाचं पाणी बोट उभी असते त्या तलावात जात नाही. ते वेगळ्या टाकीत साठतं आणि पंपाने किनाऱ्यावर काढून देतात. २०१८पासून इथल्या सगळ्या खाडीत आणि या तलावातही बोटींच्या संडासाचं पाणी सोडायला बंदीच आहे.

जूनमध्ये या. आपण तलावातून बॅलर्डच्या लॉकमधून समुद्रात उतरू. तलाव समुद्रापेक्षा साधारण २० फूट उंच आहे. बोट एका हौदात घेतात, दार लावतात, आणि हौदातलं पाणी हळूहळू उतरतं. तिथेच काचेमागून समुद्राकडून वर चढणारे सामन मासे दिसतात. आई, तू पहिल्या दिवशी धक्क्यावरच बस हवं तर. मी तुला आधी फळी उचलून तळ दाखवीन, मगच आत ये.

इंजिनच्या टॅपेटची फट मी मुद्दाम तशीच ठेवलीये, बाबा, ती तुम्हीच मोजून लावा. तुमचा फीलर गेज आणा, पुरातून वाचलेला तो. चेक-इनच्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत अडवतील.

तुमची,
ताई