नंद्यास, वटवट्याबद्दल

पुणे, ३ ऑगस्ट

प्रिय नंद्या,

परत येऊन दीड महिना झाला, तरी ग्रेलिंगची ती सकाळ डोक्यातून जात नाही. तू मागच्या सीटवर पेंगत होतास, त्यामुळे तुझ्या मिशिगनात काय आहे ते तुला आता पुण्याहून सांगायची वेळ माझ्यावर आलीय. करड्या पाठीचा, पिवळ्या पोटाचा, सारखी शेपटी खालीवर करणारा तो किर्टलंडचा वटवट्या हा पक्षी. जीव चिमणीएवढा, पण आवाज पाव मैलावर पोचतो.

म्हणून तर त्यांची मोजणी कानांनी होते. जूनमध्ये गाणारे नर मोजायचे आणि प्रत्येकामागे एक मादी धरायची. (लबाडीच आहे ही, पण दुसरा उपाय नाही.) १९५१ च्या पहिल्या मोजणीत ४३२ नर भरले, १९७१ ला २०१, १९७४ ला १६७. संपल्यातच जमा.

आपली कोकिळा कावळ्याला फसवते ना, तसा तिकडचा काउबर्ड याच्या घरट्यात अंडी टाकतो. १९७२ पासून सापळे लावून काउबर्ड पकडायला लागले, तेव्हा घसरण थांबली. पण आकडा वर काही सरकेना, कारण राहायलाच जागा नव्हती. याला जॅक पाइनचं कोवळं रान लागतं, पाच ते वीस वर्षांचं. फांद्या जमिनीला टेकलेल्या हव्यात, त्यांच्याखाली जमिनीवर घरटं. झाडं उंच झाली की हा निघून जातो. त्या पाइनची फळं राळेनं घट्ट बंद असतात, बहुतेक वणव्याच्या धगीनंच उघडतात. आणि माणसं वणवे विझवत बसलेली! मे १९८० मध्ये मॅक लेकजवळ वनखात्यानं मुद्दाम लावलेली आग हाताबाहेर गेली. एक वनकर्मचारी गेला, घरं जळाली, चोवीस हजार एकर राख. त्याच राखेतून वाढलेल्या रानात पुढे नर गाऊ लागले. आता यावर काय बोलायचं, सांग.

२०१९ मध्ये त्याचं नाव धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीतून निघालं, २०२१ ला बावीसशेच्या वर जोड्या होत्या. पण अजूनही दरवर्षी जुनं रान तोडून नवं लावावं लागतं. एवढं करूनही हिवाळ्यात पठ्ठ्या बहामाजला पळतो.

परवा सासवडकडच्या माळावर गेलो होतो. आठवतंय, दहा वर्षांपूर्वी आपण तिथे झाडं लावायला गेलो होतो? एका संस्थेचं श्रमदान, टोप्या, केळी, फोटो. मी कुदळ मारली आणि ढेकळाबरोबर एक वाटीएवढं घरटं उलटं पडलं. आत मऊ गवत, काठाला बारीक खडे नीट मांडलेले. डोंबारी चंडोलाचं होतं, उघड्या माळावरच राहणारा तो छोटा पक्षी. दोन अंडी फुटली. तू विचारलंस, काय झालं, आणि मी म्हणालो, काही नाही, दगड आहे. रोप लावून टाकलं.

तिथे आता गिरिपुष्पाची दाट सावली आहे. मी तासभर बसलो. बुलबुल होते, सातभाई होते. हवेत वर चढून सूर मारणारा डोंबारी मात्र एकही दिसला नाही.

ग्रेलिंगला आपण जिच्याजवळ थांबलो होतो ती जॅक पाइन माझ्या खांद्याएवढी होती. पुढच्या जूनमध्ये जाशील तेव्हा किती वाढली ते बघून कळव. आणि या वेळी जागा राहा.

तुझा,
बाळ्या