तोटा निदान तोटा म्हणून तरी मान्य करा!

माननीय केंद्रीय अर्थमंत्री मॅडम,
सप्रेम नमस्कार.

परवा डिमॅटचा, म्हणजे शेअर ठेवायच्या खात्याचा, वर्षाचा चार्ज परत कापला गेला. खात्यात काय, तर मोझर बेअर या बुडालेल्या कंपनीचे 500 शेअर. खातं बंद करा म्हटलं तर ब्रोकर म्हणतो आधी शेअर काढा, आणि घेणार कोण? सीए म्हणतो विकलेच नाहीत तर टॅक्सला तोटा दाखवता येत नाही. मग माझे दीड लाख गेले ते काय?

सांगलीत माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. मोझर बेअर 1988 पासून फ्लॉपी करायची, 1999 पासून सीडी, पुढे डीव्हीडी. जगातल्या मोठ्या उत्पादकांत नाव होतं, आपला माल तिकडच्यांना जड जातोय म्हणून 2003 ला युरोपने भारतातल्या कोऱ्या सीडीवर 7.3 टक्के ड्यूटी लावली होती. अभिमान वाटायचा हो. म्हणून 2008 च्या जानेवारीत बाबांच्या ग्रॅच्युइटीतून शेअर घेतले, बाबांना न विचारता.

मग काय झालं ते काउंटरवर बसून बघितलं. शंभराच्या आसपास विकलेली कोरी सीडी दहा रुपयांवर आली, तैवान-चीनच्या मालापुढे भाव वाढवायची सोयच नाही, तेवढ्यात पेन ड्राइव्ह इतके स्वस्त झाले की सीडी मागायला येणारी पोरंच थांबली. डिस्कमागे पैसे सुटेनात आणि कर्ज तर मोठमोठ्या प्लांटचं. 2012 ला परदेशी बाँडचे पैसे फेडता आले नाहीत, शेअर एकेरी आकड्यात. 2017 ला प्रकरण एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात, 2018 ला लिक्विडेशन, म्हणजे कंपनी मोडीत. बाबा गेले तोवर मी त्यांना खरं सांगितलं नव्हतं. ते अजून टोचतं.

स्वस्त मालापुढे कंपनी बसली, मान्य, धंद्यात होतं असं. पण तुमच्या दिवाळखोरी कायद्याच्या कलम 53 मध्ये उरलेले पैसे वाटताना आम्ही शेअरवाले सगळ्यात शेवटी, आणि तिथल्या कामगारांना तर स्वतःच्या पैशासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं, 2023 ला तिथेही हरले. नफा झाला की साडेबारा टक्के टॅक्स लगेच घेता, मग तोटा झाला की तुमचे कागद गप्प का? सामान्य माणसाचं नुकसान या देशात कोण मोजतं?

आता गुजरातेत साणंदला मायक्रॉन या अमेरिकन कंपनीच्या मेमरी चिपच्या प्लांटसाठी खर्चाचा निम्मा वाटा केंद्र देतंय. होऊ दे, आनंदच आहे. पण मेमरीचे भावसुद्धा असेच कोसळतात मॅडम, तेव्हा काय करायचं ते आत्ताच ठरवून ठेवा.

माझं मागणं एवढंच, लिक्विडेशनमधल्या कंपनीचे शेअर सरेंडर करून तोटा दाखवता येईल असा नियम येत्या बजेटमध्ये आणा, आणि तोवर अशा खात्यांचा चार्ज थांबवा.

आपला,
सांगलीचा एक दुकानदार