अनाथोथच्या शेताचं खरेदीखत

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

बायबलमधल्या संदेष्ट्यांची, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्यांची, आशा म्हणजे हरलेल्यांची नुसती समजूत, असं तू लिहिलंस. यहेज्केल या संदेष्ट्याचं सुकी हाडं जिवंत होण्याचं दर्शन वाचून तसं वाटेलही. पण यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ३२वा अध्याय काढ. तिथे आशा चक्क खरेदीखताच्या रूपात आहे.

इ.स.पू. ५८७. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) फौजेचा यरुशलेमला (जेरुसलेमला) वेढा, मातीचे चढाव तटाला भिडलेले. शहर पडणार असं बोलल्यामुळे यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. तिथे चुलतभाऊ हनमेल येऊन म्हणतो, अनाथोथचं माझं शेत विकत घे, सोडवून घेण्याचा हक्क तुझा आहे. जमीन कुळाबाहेर जाऊ नये म्हणून जवळच्या नातलगाकडे हा हक्क असे. अनाथोथ शहराच्या ईशान्येला जेमतेम पाच किलोमीटर, म्हणजे वेढ्यापलीकडे. ताबा कसला मिळतोय!

तरी व्यवहार काटेकोर. किंमत १७ शेकेल रुपं, म्हणजे चांदी. शेकेल तेव्हा नाणं नव्हतं, वजन होतं, साधारण ११ ग्रॅमचं. म्हणून रुपं तराजूत तोलून दिलं. साक्षीदारांच्या सह्या झाल्या. प्रती दोन, एक मोहोरबंद आणि एक उघडी. उघडी दाखवायला, तिच्यात कुणी खाडाखोड केलीच तर मोहोर फोडून आतलीशी ताडायची. आपला लेखनिक बारूख याला सांगितलं, दोन्ही मडक्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकल्या पाहिजेत. यरुशलेमच्या उत्खननात १९८२ साली दस्तांवरच्या मोहोरांचे पन्नासेक मातीचे गोळे मिळाले. दस्त आगीत गेले, माती त्याच आगीत भाजून टिकली.

खत झाल्यावर मग यिर्मया देवाला विचारतो, शहर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलच्या लोकांच्या, हाती चाललंय आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस? शंका सही झाल्यानंतरची आहे, हे निसटू देऊ नकोस.

मुदतीचंही तसंच. हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा बाबेलला नेलेलं सगळं दोन वर्षांत परत आणत होता (अध्याय २८), आणि लोकांना तेच हवं होतं. यिर्मयाने बाबेलातल्या बंदिवानांना लिहिलं: घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ७० वर्षं लागतील. कॅलेंडरवर २९:११ (देवाच्या मनात तुमच्या हिताचे, आशेचे विचार आहेत) छापतात, त्याच्या आधीचं ७० वर्षांचं १०वं वचन गाळून! यरुशलेमचं मंदिर पडल्यापासून (५८६) नवं उभं राहीपर्यंत (५१६ किंवा ५१५) हिशेब जवळपास जुळतो. ५९७ साली लोकांना बाबेलला पाडाव करून नेलं तिथपासून पारसाचा राजा कोरेश (सायरस) याच्या ५३८च्या परतीच्या फर्मानापर्यंत मोजलंस तर नाही. आकड्याची फार ओढाताण करू नकोस.

आणि एज्राच्या पुस्तकाच्या २ऱ्या अध्यायातली बाबेलातून परतलेल्यांची गाववार यादी कंटाळून सोडू नकोस. २३वं वचन: अनाथोथचे लोक, १२८.

तुझे,
बाबा