ओढ्यांचे नकाशे आणि न दिसणारी मोरी

महोदय,

पाणलोट विकासाच्या आराखड्यांना हल्ली उपग्रहीय माहितीवरून काढलेले ओढ्या-नाल्यांचे नकाशे सर्रास जोडलेले असतात, ही समाधानाची बाब आहे; परंतु त्या नकाशांत काय दिसते आणि काय निसटते, याची चर्चा फारशी होत नाही.

फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अंतराळयानाने ११ दिवसांच्या मोहिमेत रडारने पृथ्वीवरील बहुतांश जमिनीची उंची मोजली आणि ती माहिती आज सुमारे ३० मीटरच्या चौकोनांत मिळते. संगणक प्रत्येक चौकोनातले पाणी शेजारच्या आठांपैकी सर्वाधिक उताराच्या चौकोनाकडे वळवतो आणि जेथे ते पुरेसे गोळा होते, तेथून ओढ्याची रेषा आखतो. ‘पुरेसे’ म्हणजे किती, हे मात्र माणूसच ठरवतो. तो आकडा बदलला की पहिल्या श्रेणीचे (म्हणजे ज्यांना दुसरा प्रवाह येऊन मिळत नाही, असे सर्वांत लहान) प्रवाह वाढतात किंवा चक्क गायब होतात आणि दर चौरस किलोमीटरमागे प्रवाहांची लांबी किती, हेही बदलते. पाणी मुरेल की वाहून जाईल, याचा अंदाज तर याच लांबीवरून बांधला जातो!

सपाट प्रदेशात संगणक पट्टीने आखल्यासारखे समांतर ओढे काढतो. रस्त्याचा भराव त्याला धरण वाटतो, कारण खालची मोरी त्याला दिसत नाही. दाट झाडीत मोजली जाणारी उंचीही निव्वळ जमिनीची नसते.

तेव्हा बंधाऱ्याची जागा मंजूर करण्यापूर्वी नकाशावरील लहान प्रवाह पायी फिरून पडताळावेत आणि ओढा ठरवताना धरलेला आकडा आराखड्यात स्पष्ट छापावा, अशी सूचना आहे.

— एक वाचक