चौकटीतला आकडा तपासला जातो, वाक्य कोण वाचणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाविद्यालयातला संख्याशास्त्राचा पहिला अभ्यासक्रम ऑनलाइन करावा की वर्गात बसून, हा विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, ‘घरबसल्या उरकून टाका, सोपा असतो.’ दुसरा म्हणतो, ‘आकडेमोडीचा विषय पडद्यावर शिकताच येत नाही.’ मी हा अभ्यासक्रम नोकरी सांभाळून ऑनलाइन पूर्ण केला आहे आणि मला दोन्ही मते पटत नाहीत. विषय पडद्यावर शिकता येतो, त्यातला काही भाग तर फळ्यापेक्षा चांगला कळतो. घोडे अडते ते मूल्यमापनापाशी, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून हे पत्र.

मी पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. रुग्णांचे नमुने लावण्याआधी आम्ही रोज कंट्रोल लावतो, म्हणजे ज्याचे मूल्य आधीच माहीत आहे असा नमुना यंत्राला देतो आणि आलेला आकडा तक्त्यावर टिंबाने मांडतो. तक्त्याच्या मधोमध सरासरीची रेघ आणि वर-खाली एक, दोन, तीन स्टँडर्ड डेव्हिएशनच्या (एसडी, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरतात याचे माप) रेघा असतात. वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ मध्ये कारखान्यातल्या मालाच्या गुणवत्तेसाठी असा तक्ता काढला आणि लेव्ही व जेनिंग्ज यांनी १९५० मध्ये तो प्रयोगशाळेत आणला. ‘कंट्रोल टू एसडीच्या बाहेर गेला’ हे वाक्य आमच्याकडे रोजचे आहे. ते का म्हणायचे आणि म्हटल्यावर काय करायचे, याचे नियम पाठ होते. नियमांमागचे कारण मला या अभ्यासक्रमाने दिले. आकडे घंटेच्या आकाराच्या वक्रात पसरत असतील, तर सुमारे ९५ टक्के आकडे दोन एसडीच्या आत आणि ९९.७ टक्के तीन एसडीच्या आत पडतात. म्हणजे ठणठणीत यंत्रसुद्धा साधारण विसातून एकदा दोन एसडीची रेघ ओलांडणारच. दर वेळी यंत्र थांबवले तर काम होणार नाही, कधीच थांबवले नाही तर चुकीचे अहवाल बाहेर जातील. वेस्टगार्ड यांनी १९८१ मध्ये अनेक नियम एकत्र वापरण्याची पद्धत मांडली ती याच पेचातून वाट काढण्यासाठी.

अहवालावर उजवीकडे छापलेली ‘नॉर्मल रेंज’ही याच मुशीतून निघते. निरोगी माणसांच्या आकड्यांतला मधला ९५ टक्क्यांचा पट्टा घेऊन ती ठरवतात. तेव्हा निरोगी माणसांपैकी पाच टक्के माणसे व्याख्येनेच त्या पट्ट्याबाहेर असतात. एकाच निरोगी माणसाच्या एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर निदान एक तरी पट्ट्याबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के भरते. शरीरातल्या तपासण्या एकमेकींपासून इतक्या सुट्या नसतात, म्हणून प्रत्यक्षातला आकडा वेगळा येईल, पण दिशा हीच. एखादा आकडा ठळक अक्षरात आला की माणूस अहवाल हातात धरून घाबरलेल्या चेहऱ्याने विचारतो, ‘काही गंभीर आहे का?’ निदान करणे माझे काम नाही, ते डॉक्टरांचे. पण ‘डॉक्टरांना दाखवा, एका आकड्यावरून काही ठरत नाही’ हे आता मी समजून-उमजून सांगू शकते. म्हणूनच हा विषय ‘उरकून टाका’ असे कोणी म्हटले की मला वाईट वाटते.

पडद्यावर काय चांगले कळते, तेही सांगते. केंद्रीय सीमा सिद्धांत पुस्तकात वाचला तर शब्दांचा डोंगर वाटतो. आमच्या अभ्यासक्रमात त्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम होता. एका बाजूला लांब शेपटी असलेले, वेडेवाकडे वितरण, म्हणजे आकड्यांची पसरण, घ्यायचे. त्यातून पाच-पाच आकड्यांचे नमुने काढून प्रत्येक नमुन्याची सरासरी मांडत जायचे. मग पाचाचे तीस करायचे. बटण दाबले की क्षणात हजार नमुने निघतात आणि मूळ आकडे कितीही वाकडे असले तरी सरासऱ्यांचा ढीग घंटेच्या आकाराकडे सरकू लागतो, अरुंद होत जातो. ढिगाची रुंदी निम्मी करायची तर नमुना चौपट लागतो, हे सूत्रातल्या वर्गमुळाकडे पाहून कळले नव्हते तितके त्या ढिगाकडे पाहून कळले. मतचाचणीत शंभर माणसे विचारली तर चुकीला सुमारे दहा टक्क्यांची जागा धरावी लागते, हजार विचारली तर सुमारे तीन टक्क्यांची, आणि देश लहान आहे की मोठा याने त्यात जवळजवळ फरक पडत नाही. फळ्यावर कोणता शिक्षक हजार नमुने काढून दाखवू शकेल? शिवाय रात्रपाळी करणाऱ्या माणसाला धडा थांबवून, मागे नेऊन पुन्हा ऐकता येतो.

आता मूल्यमापन. दर आठवड्याला प्रश्नमंजुषा. प्रश्न तेच, आकडे प्रत्येकाला वेगळे. उत्तरासाठी एक चौकट. चार दशांश स्थळांपर्यंत आकडा लिहायचा आणि तो जुळला की हिरवी खूण. सरासरी काढा, झेड (आकडा सरासरीपासून किती एसडी दूर आहे) काढा, पी-व्हॅल्यू काढा, विश्वास-अंतराल (खरे मूल्य ज्यात असावे असा अंदाजाचा पट्टा) काढा. हे सगळे संगणक माझ्यापेक्षा अचूक आणि क्षणात काढतो. म्हणजे यंत्राने काढायचे उत्तर विद्यार्थ्याकडून घ्यायचे आणि ते पुन्हा यंत्राकडूनच तपासून घ्यायचे! यात माणसाने शिकायचे ते कुठे आले?

समजा एका औषधाच्या चाचणीत पी-व्हॅल्यू ०.०३ आली. चौकटीत ०.०३०० लिहिले, खाली ‘शून्य परिकल्पना नाकारा’ (म्हणजे ‘काहीच फरक नाही’ हे गृहीतक सोडा) हा पर्याय निवडला, पूर्ण गुण मिळाले. हाच विद्यार्थी बाहेर येऊन म्हणतो, ‘म्हणजे औषध लागू पडत नसण्याची शक्यता फक्त तीन टक्के.’ हे सपशेल चूक आहे. औषधाने काहीच फरक पडत नाही असे धरून चाललो, तरी इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता तीन टक्के, एवढेच ती संख्या सांगते. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये खास निवेदन काढून हेच बजावले होते, कारण पदवीधर संशोधकही इथे घसरतात. हा गैरसमज हिरव्या खुणेला दिसत नाही. ‘या निकालाचा अर्थ एका वाक्यात, सूत्र न वापरता लिहा’ असे विचारले आणि ते वाक्य कोणी वाचले, तरच तो सापडतो.

संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कोम यांनी १९७३ मध्ये एक्स आणि वाय या आकड्यांच्या अकरा-अकरा जोड्यांचे चार संच मांडले. चारही संचांत एक्सची सरासरी ९, वायची सुमारे ७.५, सहसंबंध (दोन्ही आकडे किती सरळ रेषेत सोबत बदलतात याचे माप) सुमारे ०.८२, बसणारी रेषाही तीच. आलेख काढला की पहिल्या संचात साधा कल दिसतो, दुसऱ्यात सरळसरळ वक्र, तिसऱ्यात एकच चुकार टिंब रेषेला ओढते, चौथ्यात तर एका टिंबावर सगळा सहसंबंध उभा. चौकटी तपासणाऱ्या यंत्राला हे चारही संच सारखेच वाटतील.

आमच्या अभ्यासक्रमात सुदैवाने शेवटी एक लहान प्रकल्प होता आणि तो एका शिक्षिकेने खरोखर वाचला. नमुना घेतल्यापासून अहवाल तयार होईपर्यंत किती वेळ जातो, हा विषय मी परवानगी काढून घेतला होता. रुग्णांची नावे काढून टाकलेले आकडे घेतले. त्यांचे वितरण उजवीकडे लांब शेपटीचे होते, थोडे नमुने फार रेंगाळलेले. म्हणून सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, द्यावा, असे कारणासह लिहिले. शिक्षिकेने समासात एकच प्रश्न लिहिला : ‘जे नमुने तुम्ही परत पाठवता, त्यांचा वेळ या आकड्यांत कुठे आहे?’

हा प्रश्न वाचून मी नोंदी पुन्हा उघडल्या. रक्तपेशी फुटलेला किंवा नळीत गोठलेला नमुना आम्ही नाकारतो आणि दुसरा मागवतो. दुसऱ्या नमुन्याला नवा बारकोड मिळतो, घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होते. ज्या रुग्णाला दोनदा सुई टोचून घ्यावी लागली, ज्याने सगळ्यांत जास्त वाट पाहिली, तो आमच्या नोंदीत वेळेवर अहवाल मिळालेला रुग्ण ठरतो. आकडे खरे होते, आकडेमोड बिनचूक होती, आणि तरीही सर्वांत मोठा विलंब त्यात नव्हता. आता आमच्याकडे नाकारलेल्या नमुन्याचा पहिला बारकोड दुसऱ्याला जोडून ठेवतात. एका प्रश्नाने कामाची पद्धत बदलली. असा प्रश्न विचारायला माणूसच लागतो, आणि त्या बाई माझ्यापासून किती लांब बसून तो लिहीत होत्या, याने काहीच बिघडले नाही.

अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ नियतकालिकाची १९३६ सालच्या अध्यक्षीय निवडणुकीची मतचाचणी जवळपास प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, वीस लाखांहून अधिक परत आल्या, भाकीत लँडन यांच्या विजयाचे. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. नावे प्रामुख्याने टेलिफोनच्या आणि मोटारींच्या नोंदीतून घेतलेली, आणि ज्यांनी उत्तर पाठवलेच नाही त्यांचे काय, हे कोणी विचारले नाही. ही गोष्ट मी वाचली होती, तिच्यावरच्या प्रश्नमंजुषेत पूर्ण गुणही मिळवले होते. पण ती मला खऱ्या अर्थाने भिडली ती समासातला तो प्रश्न वाचल्यावर.

शिक्षकांची अडचण मला कळते. एका ऑनलाइन तुकडीत शेकडो विद्यार्थी, दर आठवड्याला सगळ्यांचे वाचायचे कसे? त्यावरचा उपाय याच विषयात आहे. दर आठवड्याला प्रत्येकाने एक वाक्य लिहावे, शिक्षकांनी त्यांतली वीस यदृच्छेने, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून नीट वाचावीत आणि पुढच्या धड्यात नावे न घेता त्यांवर बोलावे. वीस वाक्यांत तुकडीतले मोठे गैरसमज बहुतेक वर येतातच. आणि आपले वाक्य निघू शकते हे माहीत असले की प्रत्येक जण विचार करून लिहितो. याखेरीज सत्रात एकदा तरी प्रत्येकाच्या लिखाणावर माणसाचा शेरा यावा, एवढे शुल्क भरणाऱ्या विद्यार्थ्याने मागणे गैर नाही.

नकलेचा प्रश्नही मोठा आहे. चौकटीतला आकडा हल्ली कुठूनही मिळतो, मोबाइलवर प्रश्नाचा फोटो काढला की पुरते. त्यावर संस्था कॅमेरे लावतात, परीक्षेत मान वळवली तरी इशारा येतो. त्यापेक्षा विद्यार्थ्याने स्वतः गोळा केलेले आकडे घ्यावेत आणि पाच मिनिटे व्हिडिओवर विचारावे : हे कुठून आणले, कोण सुटले, हाच आलेख का काढला? ज्याने काम केले आहे तो सांगतो. आमच्या तुकडीत एकाने बसथांब्यावर थांबण्याच्या वेळा मोजल्या होत्या, एकीने आजीच्या रक्तदाबाच्या वहीतले आकडे घेतले होते. दोघेही तासभर बोलू शकले असते.

ज्या वाचकांना किंवा त्यांच्या मुलांना असा अभ्यासक्रम घ्यायचा आहे, त्यांनी प्रवेशापूर्वी संस्थेला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. एकूण गुणांपैकी किती गुण लिहिलेल्या उत्तरांना आहेत? ती उत्तरे कोण वाचते? आणि एका शिक्षकामागे किती विद्यार्थी आहेत? उत्तर टाळले गेले, तर दुसरी संस्था पाहावी.

आपली,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ