शिबिरात गळ्याची सोनोग्राफी कशासाठी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गणेशोत्सवात इंदूरच्या मराठी वस्त्यांमध्ये आरोग्य शिबिरं भरतात. साखर, रक्तदाब, डोळे तपासून मिळतात, चांगलंच आहे. पण यंदा आमच्या भागातल्या एका शिबिरात 'थायरॉइड स्पेशल' म्हणून आलेल्या सगळ्यांच्याच गळ्याची सोनोग्राफी केली. तक्रार तेवढ्याबद्दल आहे.

माझ्या जाऊबाईंना कसलाही त्रास नव्हता. रिपोर्टात आलं, उजव्या बाजूला ७ मिलिमीटरची गाठ, आणि खाली नेहमीची ओळ, 'डॉक्टरांचा सल्ला घ्यावा'. गाठ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकच आजार येतो. भावोजी मुंबईला टाटात न्यायच्या तयारीला लागले. अखेर इथल्याच हार्मोनतज्ज्ञांनी सोनोग्राफी पाहिली, गळा चाचपला आणि 'वर्षभराने या' म्हणून घरी पाठवलं.

माझी सारी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली, म्हणून थोडं सांगते. सोनोग्राफीने शोधायला गेलं तर थायरॉइडमध्ये बारीक गाठी पुष्कळांना निघतात, बायकांना जास्तच, आणि त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी असतात. अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेचे २०१७ चे निकष असे, की दिसायला सर्वांत संशयास्पद गाठ असली तरी साधारण १ सेंटिमीटरपर्यंत सुई घालून पेशी तपासायला काढू नयेत.

सरसकट शोधाशोध केली की काय होतं, ते दक्षिण कोरियाने पाहिलंय. तिथे १९९९ मध्ये सरकारी कर्करोग तपासणी सुरू झाली आणि तिच्या जोडीला दवाखाने थोड्या पैशांत गळ्याची सोनोग्राफी करून देऊ लागले. १९९३ ते २०११ या काळात थायरॉइड कर्करोगाचं निदान पंधरापट वाढलं. मृत्यूंचं प्रमाण मात्र होतं तिथेच! निदान झालेल्या जवळपास सगळ्यांची शस्त्रक्रिया झाली, बहुतेकांना जन्मभराची थायरॉइडची गोळी लागली, कुणाचं कॅल्शियम कायमचं ढासळलं, कुणाचा आवाज गेला. २०१४ मध्ये तिथल्याच डॉक्टरांनी उघड विरोध केला, तेव्हा कुठे शस्त्रक्रिया झपाट्याने कमी झाल्या.

गळ्यात गाठ दिसते किंवा हाताला लागते, आवाज बसून राहिलाय, लहानपणी मानेला किरणोपचार झालेत, घरात कुणाला हा कर्करोग होता, अशांनी सोनोग्राफी जरूर करावी. थकवा, वाढतं वजन, पाळीची गडबड यांसाठी आधी टीएसएच, म्हणजे थायरॉइडचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ताची तपासणी पुरते. (केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर लॅबवाल्याला आधी सांगा. काही यंत्रांवर त्यामुळे आकडे चुकतात आणि धडधाकट माणसाचा थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करतोय असं दिसतं. शिबिरात हे कुणी विचारत नाही.)

मंडळांकडे पैसा आणि उत्साह आहेच, तर तो बाळांकडे वळवावा. जन्मतःच थायरॉइड कमी असलेलं बाळ दिसायला धडधाकट असतं. जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी टाचेतून काढलेल्या रक्ताच्या थेंबांवर ते कळतं. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर बुद्धीची वाढ सहसा नीट होते, उशीर झाला तर झालेलं नुकसान भरून निघत नाही. गोळीही काही महाग नाही. तरी आमच्या ओळखीतल्या कित्येक घरांत ही तपासणी ठाऊकच नाही. पुढल्या वर्षी सोनोग्राफीचं यंत्र मागवण्याऐवजी मंडळांनी वस्तीतल्या गरोदर सुनांची यादी करावी आणि प्रसूतीच्या दवाखान्यात ही तपासणी होते का, ते आधीच विचारून ठेवावं.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, रामबाग, इंदूर